ऑगस्टमधला पूर

वाई,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

प्रिय विनूआत्या,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल असं दुकानदार म्हणाला. मी त्याला दोनदा विचारून घेतलं. परवाच तर आपण अर्धा तास फोनवर बोललो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू 'जेवलीस का' विचारतेस, मी 'जेवले' म्हणते आणि मग पुढचं काही माझ्याच्याने बोलवत नाही. शिवाय तुला आता डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि हे मला ओरडून सांगायचं नाही. रविवारी सकाळी आठ वाजता ड्रायव्हर बाळासो गाडी घेऊन सांगलीत तुझ्या दारात येईल, हे ठरलेलं आहे. इकडे सगळी तयारी झाली आहे. पुढची खोली तुझ्यासाठी रिकामी केली. न्हाणीघरात धरायला दोन कड्या बसवून घेतल्या, एक नळाजवळ आणि एक दाराजवळ. पलंग खिडकीशी लावला. एकोणीस सालचं आणि एकवीस सालचं पुराचं पाणी तू त्या तळमजल्यावर एकटीने निभावलंस. तिसऱ्यांदा ती वेळ तुझ्यावर येऊ द्यायची नाही हे मीच हट्टाने ठरवलं होतं. आणि तरीही तू यावंस असं मला आज वाटतं की नाही, हे नक्की सांगता येत नाही. तू गाडीत बसण्याआधी मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती मिळणार नसेल, तर खोली रिकामी राहिली तरी चालेल. ती कोणती, हे लगेच लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, म्हणून क्रमाने लिहिते. क्रमाने लिहायला तूच शिकवलं आहेस.

तुला माहीत आहे, इथे आम्ही मुलांसाठी भूगोलकोश करतो आहोत. संस्था छोटी, संपादक गोपाळकृष्ण दातार सर, एक टंकलेखक आणि मी. सध्याचा भाग जगातल्या नदीकाठच्या लहान गावांचा आहे. यादी करताना मी कुणाला न विचारता त्यात बोस्नियातलं क्रुपा घातलं. सर म्हणाले, हे कुठून काढलंस. मी म्हटलं, माझे वडील तिथे होते. हे वाक्य मी आजवर किती वेळा म्हटलं असेल. पाचवीत खऱ्या शाळेत जायला लागले तेव्हा, कॉलेजात, मुलाखतीत. प्रत्येक वेळी जरा ताठ बसून. नोंद आठ दिवसांत लिहून झाली, कारण मला शोधावं लागलंच नाही. बोस्नियाच्या वायव्येला उना नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं गाव. वर खडकावर जुना किल्ला. खाली मशीद, कॅथलिकांचं चर्च आणि ऑर्थोडॉक्स चर्च, तिन्ही हाकेच्या अंतरावर. नदीत छोटी बेटं आणि बेटांवर लाकडी घरं. पंधराशे पासष्टमध्ये तुर्कांनी गाव घेतलं, तीनशे वर्षांनी ऑस्ट्रियाकडे गेलं, आणि ब्याण्णव ते पंच्याण्णवच्या युद्धात ज्या नदीवर पोरं पोहायची तीच नदी आघाडी झाली. इकडच्या काठावर एक, तिकडच्या काठावर दुसरे, काल एकमेकांकडे साखर मागायला जाणारे शेजारी. हे सगळं मी सहाव्या वर्षापासून पाठ म्हणते आहे.

मला आठवतं ते असं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. पहिलीत घातलं तर पंधरा दिवसांत मी बोलायचीच बंद झाले. घंटा झाली की ओकायचे. तू तुझ्या शाळेतून दुपारी दमून यायचीस, हातपाय धुवायचीस आणि मला ओट्याखाली पाट टाकून शिकवायला बसायचीस. भाजी निवडता निवडता बेरीज, उदबत्तीच्या धुरावरून वाऱ्याची दिशा. चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे तू. मी काहीही सांगितलं की तू एकच विचारायचीस: कशावरून? मांजर रागावलं आहे, कशावरून? उद्या पाऊस येणार, कशावरून? मी रडायचे, पण नंतर ते माझ्या अंगातच गेलं. आजही दार लावलं की मी परत जाऊन कुलूप ओढून बघते आणि मनात तुझा आवाज येतो. दातार सर म्हणतात, मयूरीबाईंनी तपासलेल्या पानाला पुन्हा हात लावावा लागत नाही. मी ते तुला सांगितलं होतं आणि तू दोन दिवस शेजारणींना सांगत होतीस.

आणि याच शाळेतला सगळ्यांत आवडता तास म्हणजे बाबांचं पत्र. दोन हजार तीनच्या जूनमध्ये बाबा विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या कामाला परदेशी गेले, युद्धात मोडलेल्या गावात पाण्याचे पंप बसवायला, असं तू सांगितलंस. मग दर महिन्याला एक पत्र. ते तुझ्या शाळेच्या पत्त्यावर यायचं, पाकिटाशिवाय. तिकिटं मुलींच्या संग्रहासाठी काढून घेतली असं तू म्हणायचीस. तू नकाशा पसरायचीस आणि मी वाचायचे. गावाचं नाव मी 'कृपा' असं लिहायचे. माझ्या वहीतली ही एकच शुद्धलेखनाची चूक तू कधी लाल शाईने सुधारली नाहीस. नदीचं नाव मी 'उणा' वाचलं, तेव्हा तू म्हणालीस, अगं, उणी नव्हे. कुणा रोमन शिपायाने तिला पाहून त्याच्या भाषेत 'उना', म्हणजे 'एकच', असं म्हटलं, म्हणून ती उना, अशी तिथे गोष्ट सांगतात. गावात तिला दुसरी छोटी नदी मिळते, तिचं नाव क्रुश्नित्सा. ते वाचून मी आनंदाने उड्या मारल्या. मला वाटलं आपली कृष्णाच कुठून तरी फिरून बाबांपाशी जाते. पाचव्या पत्रात शब्दांची यादी होती: तिथेही बाजाराला पाझार म्हणतात, मैदानाला मेय्दान, साखरेला शेचेर, शत्रूला दुश्मान, आणि चहा तर चायच. येईल त्या पाहुण्याला मी ती यादी म्हणून दाखवायचे. लोक कौतुक करायचे, तू मान खाली घालून पोहे परतायचीस. मला तो विनय वाटायचा.

पस्तीस पत्रं झाली. शेवटचं दोन हजार सहाच्या एप्रिलचं. मग तू म्हणालीस, बाबांनी तिथे घर केलं, आता ते यायचे नाहीत, आणि आपण दोघींनी नीट राहायचं. मी नीट राहिले. पण तुला न सांगता मी तिथल्या बातम्या वाचायला लागले. युद्धानंतरही त्या भागातल्या रानांत पेरलेले सुरुंग राहिले आहेत, असं वाचलं आणि मला दहावीचं सगळं वर्ष जमिनीवर पाय टेकवताना भीती वाटायची. सोळाव्या वर्षी मी हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या एका संस्थेला अर्ज लिहिला. सुमंत, वय अमुक, उंची अमुक, डाव्या भुवईवर खूण. तो अर्ज मी तुला दाखवला, आत्या. तू चष्मा लावून शांतपणे वाचलास आणि त्यातल्या इंग्रजीच्या दोन चुका काढून दिल्यास. आठ महिन्यांनी उत्तर आलं की अशा नावाच्या माणसाची तिथे कुठेच नोंद नाही. त्या दिवशी मी बाबा मेले असं धरून मनातल्या मनात सुतक पाळलं. दहा दिवस गोड खाल्लं नाही. तू रोज ताटात गूळ वाढायचीस आणि मी बाजूला सारायचे. तू विचारलं नाहीस.

आता या सप्टेंबरचं सांगते. सरांनी माझी नोंद परत दिली ती पहिल्यांदाच पेन्सिलीच्या खुणेसकट. एका वाक्याखाली रेघ आणि समासात लिहिलेलं: कशावरून? वाक्य होतं, 'ऑगस्ट महिन्यात नदीला पूर येतो व गावाच्या सखल भागात पाणी शिरते.' मी म्हटलं, माझ्या वडिलांनी पाहिला आहे, त्यांचं पत्र आहे. सरांनी प्रवाहाचा महिनावार तक्ता पुढे केला. उना फुगते ती बर्फ वितळताना, मार्च-एप्रिलात, आणि पुन्हा हिवाळ्याच्या तोंडाशी. ऑगस्ट हा तिचा सगळ्यांत कोरडा काळ. तेव्हा तिथे उन्हाळा असतो. सर हळूच म्हणाले, 'मयूरीबाई, श्रावणात पूर येतो हे आपल्याकडच्या माणसाला इतकं ठाऊक असतं की तो जगातल्या सगळ्या नद्यांना श्रावणातच पूर आणतो.' त्यांना वाटलं मी चुकले. मी शरमेने लाल झाले आणि घरी येऊन ट्रंकेतून पत्रं काढली.

सत्ताविसावं पत्र, ऑगस्ट दोन हजार पाच. बाकीची सगळी पत्रं कशी आखीव आहेत. आधी हवामान, मग इमारती, मग लोक, शेवटी आशीर्वाद. हे एकच वेगळं. अक्षर तिरकं, कागद मळलेला. 'मयू, इकडं पाणी लय वाढलंय. सहा दिवस झाले. शाळेच्या तिसऱ्या पायरीला लागलंय. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत. तुमच्याकडचं उतरलं का? तुला पाण्याच्या आवाजाची भीती वाटते ना, तर कानात कापूस घाल आणि आत्याच्या कुशीत झोप. मला येता येत नाही.' मला ते दिवस आठवले. सांगलीत आपल्याही गल्लीत पाणी होतं आणि आपण वरच्या मजल्यावर राहायला गेलो होतो. लहानपणी मला वाटलं, बाबांना इतक्या लांबून कसं सगळं कळतं. तुझ्याच पद्धतीने मी आता स्वतःला विचारलं आणि मला उत्तर नको झालं. मी सबबी शोधल्या. एखाद्या वर्षी अवेळी पूर येऊ शकतो. बाबांनी महिना चुकीचा घातला असेल. पंधरा दिवस मी अशी स्वतःची समजूत काढत होते.

मग तू पुस्तकांचे चार खोके पाठवलेस. यायच्या आधी जड सामान पोचावं म्हणून. तिसऱ्या खोक्यात, ॲटलासच्या खाली, तुझी एक जुनी टाचणवही होती. शिक्षकाची टाचणवही दुसऱ्याने उघडू नये हे मला कळतं, पण वर माझं नाव होतं. 'मयूरी. पत्रमाला. २००३–०६.' आत प्रत्येक पानावर शाळेत करतात तसे रकाने. घटक: बोस्नियातील एक नदीकाठचे गाव. उद्दिष्ट: विद्यार्थिनीस परदेशातील जनजीवनाची ओळख करून देणे. शैक्षणिक साधन: सुमंतचे पत्र. तुझ्या त्या गोल, स्वच्छ अक्षरात प्रत्येक पत्राचा कच्चा मजकूर. गाव का निवडलं तेही लिहिलेलं: 'उपनदीचे नाव क्रुश्नित्सा. कृष्णेशी नामसाधर्म्य, विद्यार्थिनीस जवळचे वाटेल.' मी ते पान किती वेळा वाचलं हे मोजलेलं नाही. तू मजकूर पाठवायचीस, बाबा तो आपल्या अक्षरात उतरवून परत पाठवायचे, आणि तू माझ्यासमोर बसून तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकायचीस.

सत्ताविसाव्या पानावर तू बरोबर लिहिलं होतंस. 'ऑगस्ट. उन्हाळा. नदी सर्वांत उथळ. मुले पुलावरून पाण्यात उड्या मारतात.' त्याच्या शेजारी लाल शाईने: 'पुरामुळे रस्ता बंद. मजकूर पोचला नाही. सु.ने मनाने लिहिले. पूर — चूक. मयूला देऊ नये.' आणि त्याखाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं, एकच शब्द: 'दिले.' म्हणजे पस्तिसांपैकी खरं पत्र तेवढं एकच, आणि माझ्या नोंदीतली चूकही तेवढी एकच. तू ती चूक ओळखली होतीस, आणि तरी दिलंस. का दिलंस हे मी तुला विचारणार नाही. कदाचित मला माहीत आहे. पण त्यामुळे बाकीच्या चौतीस पत्रांचं काय होतं, ते तू कधी पाहिलंस का?

त्या पत्राच्या तळाशी छापलेल्या ओळीचा तुकडा राहिला आहे. बाकी सगळ्या कागदांच्या कडा नीट कापलेल्या, हाच घाईत कापलेला. ०२१६४ आणि पुढे अर्धा दोन. लहानपणी मी तो क्रुपाचा फोन नंबर म्हणून पाठ केला होता. तू म्हणालीस, तो इथून लागत नाही. आमच्या ऑफिसात दूरध्वनीशेजारी जुना तक्ता चिकटवलेला आहे. वाई ०२१६७. सातारा ०२१६२. त्या दोन ओळींच्या मध्ये ०२१६४ वर डोळा गेला आणि मी खुर्चीत बसले. कराड. मोटारी दुरुस्त करणारा माणूस, नदीकाठ, कराडचा नंबर. गेल्या आठवड्यात मंगळवारी मी रजा काढली आणि एस.टी.ने गेले. कराडात मोटारींच्या दोन दुकानांत बाबांचं नाव विचारलं, तिसऱ्याने मलकापूर सांगितलं. हायवेच्या बाजूच्या रस्त्यालाच दुकान आहे, आत्या. तुझ्याकडे येताना महिन्यातून दोनदा, तीन वर्षं, माझी गाडी त्या फलकासमोर पुलाच्या कामामुळे रखडायची. 'शिवतेज मोटार रिवायंडिंग'. मी खिडकीतून तो वाचलेला आहे.

ते दाराशीच बसले होते, मोटारीत तांब्याची तार भरत. मी काही बोलणार तोच, वर न बघता, त्यांनी थांबायची खूण केली. ते ओठांतल्या ओठांत फेरे मोजत होते. मोजणं होईपर्यंत मी उभी होते. तेवढ्या वेळात मला कुणाला विचारायची गरज उरली नाही. डाव्या भुवईवर खूण आहे, आणि मोजताना ते तुझ्यासारखी मान कलती करतात. अर्जात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती. ते इतके उंच नाहीत. मग त्यांनी विचारलं, 'बोला ताई, मोटार कुठाय?' मी म्हटलं, मोटार नाही, मी मुलांसाठी भूगोलाचं पुस्तक करते आहे, दोन हजार पाचच्या पुरात इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं ते हवं आहे. ते लगेच म्हणाले, 'आवं, खालच्या शाळंच्या तिसऱ्या पायरीला लागलं हुतं. मी सवता उभा हुतो तिथं. वरनं कोयनेचं पाणी सोडल्यालं.' सांगलीत शिकलेला तुझा भाऊ, चौतीस पत्रांत एक काना न चुकलेला, आता असं बोलतो, आणि मला सगळ्यांत वाईट वाटलं ते याचं की ते बोलणं मला आवडलं.

त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. बाईंनी कप आणून दिला आणि माझ्या पिशवीकडे बघून विचारलं, शाळेत मास्तरीण हाय का तुमी? ते म्हणाले, न्हाई, पुस्तक लिवत्यात. मग न विचारताच सांगितलं, आमचा शिवतेज पुण्याला इंजिनिअरिंगला हाय, यंदा एकोणीस संपलं, एकच पोरगं, त्यालाबी वाचायचा नाद. एप्रिलचा जन्म. शेवटचं पत्र दोन हजार सहाच्या एप्रिलचंच का, ते मला तिथेच उभ्याउभ्या समजलं. मी निघताना ते म्हणाले, 'लिवा ताई. पन आधी नीट बघून घ्या. न्हाईतर पोरं तेच खरं धरून बसत्यात.' त्यांनी ते सहज म्हटलं, चेष्टेत. त्यांनी मला ओळखलं नाही. माझी खात्री आहे, कारण ते हसले आणि पुन्हा तारेला लागले. मी चहा अर्धाच प्यायले, कप आत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन चुकीच्या दिशेच्या गाडीत बसले. इस्लामपूरला उतरून परत फिरावं लागलं.

तू काय म्हणशील ते मी तुझ्या बाजूनेही लिहून पाहिलं आहे. सुमंतला दुसरं लग्न करायचं होतं. त्या घरच्यांना मूल असलेला बिजवर नको होता, म्हणून मूल नाही असं सांगितलं गेलं असणार. तू मला पदरात घेतलंस, स्वतःसाठी आलेलं एक स्थळ त्या वर्षी परत पाठवलंस हे मला शेजारच्या काकूंकडून कळलेलं आहे, आणि बापाने टाकलेली पोर असं मला कुणी म्हणू नये म्हणून तू एक अख्खं गाव उभं केलंस, किल्ला, पूल, बाजार, तीन देवळं आणि दोन नद्यांसकट. ते गाव खरंच आहे आणि तू त्याच्याबद्दल एक गोष्टही खोटी सांगितली नाहीस. 'तिथे घर केलं' हेही खरं. पण 'तिथे' म्हणजे कुठे, एवढंच तू बदललंस. ते सहा वर्षांच्या मुलीसाठी केलंस हे मी समजू शकते. सोळा वर्षांच्या मुलीच्या अर्जातल्या दोन चुका सुधारून दिल्यास, ते मला समजत नाही. मी जमिनीला पाय लावायला भीत होते तेव्हा तू एक वाक्य बोलली असतीस तर मी त्यांच्यावर रागावू शकले असते, दार वाजवू शकले असते, नाहीतर ठरवून वाजवलं नसतं. ते ठरवणं माझं होतं. बाबा दुबळे निघाले, ठीक आहे, मी त्यांना ओळखतच नव्हते. तुला मी ओळखत होते. आठवड्याभरात मी जे जे काही खरं मानते त्याची यादी करायला घेतली आणि प्रत्येक ओळीपाशी तू दिसलीस. वाई, मलकापूर, सांगली, तिन्ही गावं एकाच पाण्यावर आहेत आणि मी बाबांना शोधायला समुद्रापलीकडे पत्र लिहीत होते.

नोंद मी दुरुस्त केली. 'ऑगस्टमध्ये नदी सर्वांत उथळ असते' असं लिहिलं आणि खाली तक्त्याचा संदर्भ दिला. सरांनी विचारलं, मग वडिलांच्या पत्राचं काय? मी म्हटलं, ते दुसऱ्या नदीबद्दल होतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढचं पान मागितलं. परवा फोनवर तू विचारलंस, क्रुपाची नोंद झाली का गं, कधी छापणार? तुझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. त्यावर मी 'जेवले' असंच काहीतरी बोलले असेन.

तर आता मला काय हवं आहे ते. रविवारी बाळासो येईल, त्याला मी सांगून ठेवलं आहे की गाडी मलकापूरला थांबवायची. मी वाईहून सकाळच्या एस.टी.ने येऊन दहा वाजता त्या दुकानाच्या बाहेर उभी असेन. रविवार असला तरी दुकान दुपारपर्यंत उघडं असतं. फलकावर लिहिलेलं मी पाहिलं आहे. तू माझा हात धरून आत यायचंस. त्यांच्यासमोर आणि त्या बाईंसमोर एकच वाक्य म्हणायचंस: सुमंत, ही मयूरी. पुढचं मी बोलेन, किंवा कुणीच काही बोलणार नाही. त्या बाईंचा यात काही दोष नाही हे मला कळतं, आणि तरीही मी हे मागते आहे. मी स्वतः जाऊन सांगू शकते, पण मी सांगितलं तर ते माझं म्हणणं होईल. माझ्यासाठी कोण खरं बोलतं ते मला एकदा ऐकायचं आहे. ते झाल्यावर गाडीत माझ्याशेजारी बस, आपण वाईला जाऊ, वरणभात लावून ठेवला असेल, आणि या विषयावर तुला पुन्हा कधी काही विचारणार नाही. तुझ्याने ते होणार नसेल, तर बाळासोला दारातूनच परत पाठव. तो मला फोन करेल, मी तिथून उलट्या गाडीने घरी जाईन आणि तुला सांगलीतच वरच्या मजल्यावर जागा बघून देईन. औषधं, डॉक्टर, सगळं मी बघेन, त्यात खंड पडणार नाही. पण ती खोली मग दुसऱ्या कुणाला देईन. तू बत्तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शिकवलंस. रविवारी तेवढ्या आवाजात तीन शब्द म्हण.

अजून तरी तुझीच,
मयूरी